शंभर व्होल्टचा भाऊ

पाचाड,
१५ सप्टेंबर २०२५

आणि वर माझ्याच पोराच्या नावाने शंख करतोस? दीपक, फोन तू उचलत नायस, व्हॉट्सॲपवर मला बंद करून टाकलंस, म्हणून कागद घेऊन बसले. पोस्टमनला अजून कोणाला ब्लॉक करता येत नाय. अक्षर वाकडं हाय. चौथीनंतर हातात पेन कमी आणि उलथनं जास्त आलं. पण तुझ्यासारख्या शिकलेल्याला वाचता येईल. चष्मा लाव आणि वाच.

रितेश गणपतीला घरी आला तो मामाचं गुणगान गातच आला. "आय, मामाचं ते जपानी यंत्र आता मस्त चालतं. दोन्ही कान सारखे." मी म्हटलं, बरं झालं बाबा, दोन वर्षं त्यांच्या घरात राहतोस, काहीतरी उपयोग झाला. गौरी गेल्या आणि तो काम करतो त्या दुरुस्तीच्या दुकानाच्या शेठचा फोन. "बेटा, तू आता ठाण्याला येऊ नको. कारण तुझ्या मामाला विचार." मामाला फोन लावला तर मामा म्हणतो, "माझं यंत्र तू जाळलंस. घरीही येऊ नकोस. सामान पाठवून देतो." आणि फोन खाली. सख्ख्या भाच्याशी असं बोलतात?

अरे, तुझं यंत्र जळलं तेव्हा तो पोरगा इथे माझ्या खानावळीत, गड बघायला आलेल्या लोकांना पिठलं-भाकरी वाढत होता! हात काय एवढे लांब हायत त्याचे, रायगडाच्या पायथ्यापासून डोंबिवलीपर्यंत?

जुलैत तुझ्या त्या हेडफोनचा डावा कान बारीक वाजायला लागला, तेव्हा तू काय म्हणाला होतास? "गेला, आता भंगारात." वहिनीनेच मला सांगितलं होतं फोनवर. तेव्हा याने तो उलटसुलट लावून बघितला, दोष त्या आवाजाच्या डब्यात हाय का कानात ते शोधलं, पावसाची ओल धरलीय म्हणाला, बंद डब्यात औषधाच्या बाटलीतल्या त्या सुकवायच्या पुड्या घालून ठेवला आणि बरा केला. तेव्हा भाचा हुशार. आता भाचा जाळणारा.

तुला ठाऊक नाय म्हणून सांगते. परवा माझा मिक्सर बंद पडला. म्हटलं, रितेश, बघ रे. तर म्हणाला, "आय, दुसऱ्या कोणाला दाखव. मी हात लावला आणि नाय चालला तर म्हणतील यानेच जाळला." बावीस वर्षांचा पोरगा. स्क्रू-ड्रायव्हर बघितला की तोंड फिरवतो. दिवसभर भजी तळतो. भजी चांगली तळतो, ते वेगळं.

मी शेठला फोन केला. माणूस वाईट नाय. म्हणाला, "बाई, माझ्या दुकानात लोकांच्या महागाच्या वस्तू येतात. ज्याच्या घरच्या माणसाचा विश्वास नाय त्याच्या हातात मी कशा देऊ? तुमच्या भावाने सांगितलं की पोराची चूक नव्हती, तर दिवाळीच्या पाडव्यापर्यंत जागा ठेवतो. पुढे दुसरा घेईन."

तेव्हा मला सरळ मराठीत कळव, त्याने नेमकं काय जाळलं आणि कसं. रितेशचा बाप म्हणतो जाऊ दे. तो एमआयडीसीत पाळी करून येतो आणि झोपतो, त्याला सगळंच जाऊ दे वाटतं. मी जाऊ देणाऱ्यातली नाय, हे तुला लहानपणापासून ठाऊक हाय.

शकू


डोंबिवली (पूर्व),
२३ सप्टेंबर २०२५

प्रिय ताई,
सा. न.

तुझं पत्र मिळालं. भाषा नेहमीचीच. मी शांतपणे उत्तर देतो आहे, तू शांतपणे वाचावंस ही अपेक्षा.

तू विचारलंस म्हणून समजावून सांगतो. हे बाजारात मिळणारे हेडफोन नव्हेत. यांना इलेक्ट्रोस्टॅटिक म्हणतात. साध्या हेडफोनमध्ये चुंबक असतो, यात नसतो. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असा एक पडदा दोन जाळ्यांच्या मधोमध ताणलेला असतो आणि त्याला काही शे व्होल्टचा भार द्यावा लागतो, तेव्हा तो थरथरून आवाज काढतो. तो भार देणारा वेगळा ॲम्प्लिफायर लागतो, ज्याला तू डबा म्हणतेस. माझा ॲम्प्लिफायर जपानहून आलेला. तिकडची वीज शंभर व्होल्टची, आपली दोनशे तीस. म्हणून भिंतीतली वीज आधी एका उतरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये जाते, तिथे ती शंभरवर येते आणि मगच ॲम्प्लिफायरला मिळते. तो ट्रान्सफॉर्मर मधे नसेल तर ॲम्प्लिफायर क्षणात जळेल. इतकं हे नाजूक प्रकरण आहे. हे आपल्याकडच्या किती लोकांना कळतं?

आता चूक कुठे झाली ते ऐक. माझे हेडफोन जुने, सहा पिनांचे. ॲम्प्लिफायर नंतरचा, पाच पिनांचा. दोघांचा भारही वेगळा. रितेशने उत्साहाने पिना जुळवणारा मधला जुना जोड काढून नवा स्वतः बनवला. मी नको म्हणत होतो, तरी बनवला. महिनाभर चाललं. गौरीपूजनाच्या दिवशी आमचे साहेब सपत्नीक जेवायला आले होते, त्यांना आवड आहे म्हणून ऐकवायला बसवलं, आणि अर्ध्या मिनिटात ॲम्प्लिफायरमधून धूर. साहेबांसमोर माझी काय शोभा झाली असेल, कल्पना कर. कारण स्पष्ट आहे. त्याच्या जोडात शॉर्ट होता. तो जोड मी पक्कडीने कापून काढला.

शेठना मी तक्रार केली नाही. त्यांनी विचारलं, मी खरं सांगितलं. त्या दुकानात रितेशला चिकटवला मीच, हे तू पत्रात लिहायला विसरलीस.

त्याचं सामान तुडीलच्या साहिलबरोबर पाठवतो आहे, तो गाडी घेऊन गावी येतोय. महाडच्या स्टँडवर खोकं घ्यावं. त्याने जमवलेलं इलेक्ट्रिकचं सामानही त्यातच आहे, तो ट्रान्सफॉर्मरसुद्धा. ॲम्प्लिफायरच राहिला नाही, मला त्याचा उपयोग नाही.

कळावे,
दीपक

वन्सं, नमस्कार. पाकीट टपालात टाकायला ह्यांनी माझ्याकडे दिलं, म्हणून दोन ओळी लिहिते. तुमचा राग मला कळतो. ह्यांचं पत्र मी वाचलं नाही, मला त्या यंत्रातलं काही कळतही नाही. रितेश नसल्यामुळे घर सुनं वाटतं. गौरीला तुमची फार आठवण झाली. यंदा नवा मुखवटा आणला तो जड निघाला, गौर सारखी एका बाजूला कलायची. शेवटी ह्यांच्या गाण्याच्या पसाऱ्यात एक काळा लोखंडी डबा सापडला, विटेसारखा जड, तो तळाशी ठेवला, वर खण घातला, तेव्हा कुठे ठाम बसली. सगळ्यांनी कौतुक केलं. तो डबा रितेशचा असं हे म्हणाले, म्हणून मीच खोक्यात घातलाय. सांभाळून उतरवा, पायावर पडेल. आमची अक्षदा आत्याला नमस्कार सांगते. तुमची अनुपमा.


पाचाड,
३० सप्टेंबर २०२५

दीपक,

खोकं मिळालं. पत्र दोनदा वाचलं. तुझा भाग एकदाच वाचला, कारण तो पहिल्यांदाच कळला. चांगला समजावतोस तू. मास्तर व्हायला पायजे होतास.

खोकं उघडलं. वर रितेशचे कपडे, वहिनीने घडी घालून दिलेले. त्याखाली चप्पल, आयटीआयचं सर्टिफिकेट, मीटर, कापलेला जोड. आणि सगळ्यात खाली तो काळा लोखंडी डबा. उचलून चुलीजवळच्या पाटावर ठेवला आणि मी हात पुसले तर पदराला हळद.

मग नीट बघितलं. वर हळद-कुंकू. कोपऱ्यात अक्षता चिकटलेल्या. वारा जायला ठेवलेल्या भोकांत तेरड्याची वाळलेली पाकळी. अरे, तेरड्याची गौर मी चाळीस वर्षं आणतेय. तिच्या पायाखालचं कुंकू मला कोणी ओळखून द्यायला नको. तुझ्या जपानी यंत्रातलं मला कळत नाय. पण गौर बसली की काय होतं ते मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. एकदा बसली की जेवून-खाऊन, सुपांनी ओवसून, उत्तरपूजा होईस्तोवर तिला कोणी जागची हलवत नाय. सरकारचं माणूस आलं तरी नाय. तुझा साहेब आला तरी नाय.

आता तूच सांग. आदल्या दिवशी गौर आली ती या डब्यावर बसली. दुसऱ्या दिवशी पूजनाला साहेब आले तेव्हाही ती याच डब्यावर होती. तिसऱ्या दिवशी गेली तेव्हा डबा मोकळा झाला. तूच लिहिलंयस की हा मधे नसेल तर यंत्र क्षणात जळेल. मग साहेबाला गाणं ऐकवलंस ते वीज कुठे उतरवून? गौरीच्या परकराखालून वायर ओढलीस? नाय ना. भिंतीत सरळ खुपसलीस.

मी हे रितेशला सांगितलं नव्हतं. फक्त डबा समोर ठेवला. त्याने बघितला, बोट लावून कुंकू बघितलं, आणि कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा मीटर हातात घेतला. तो कापलेला जोड त्याने तपासला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सगळ्या पिना. मग म्हणाला, "आय, याच्यात शॉर्ट नाय." मी म्हटलं, मग मामाला फोन कर, सांग. तर म्हणाला, "मामाला माहीत हाय गो. मी निघताना सॉकेटवर चिठ्ठी चिकटवून आलो होतो, लाल पेनाने. मधला डबा काढू नका म्हणून." आणि मीटर गुंडाळून ठेवला आणि पोळ्या लाटायला बसला. माझं काळीज तेव्हा जळलं. त्याला कुठल्या व्होल्टची गरज लागली नाय.

पोरगा तुला ओळखून हाय. मीच ओळखलं नव्हतं.

मला दोनच गोष्टी कळव. एक, वायर कोणी खुपसली. दोन, शेठला फोन कधी करतोस. दसरा परवा हाय. सोनं द्यायला लोक एकमेकांच्या घरी जातात, तू निदान खरं दे.

वहिनीला माझा आशीर्वाद. तिला हे काहीच ठाऊक नाय हे मला दिसतंय, नायतर तिने तो डबा धुवून पाठवला असता.

शकू


डोंबिवली,
६ ऑक्टोबर २०२५

ताई,

हे पत्र मी ऑफिसमधून लिहितो आहे. उत्तर घरच्या पत्त्यावर पाठवू नकोस, ऑफिसच्या पत्त्यावर पाठव. खाली दिला आहे.

तू जे लिहिलंस ते बरोबर आहे. झालं समाधान?

आता माझी बाजूही ऐक. साहेब दर गौरीला कोणाकोणाकडे जातात, आमच्याकडे पहिल्यांदा आले. जेवण झालं. त्यांनी स्वतःच विषय काढला, "ते तुझे हेडफोन ऐकव की." मी ट्रान्सफॉर्मर शोधायला गेलो तर तो कुठे आहे ते दिसलं. अनुपमाला म्हटलं, जरा गौर उचलतेस का? तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी परत फिरलो. साहेब सोफ्यावर हेडफोन घालून तयार बसलेले. मला वाटलं, एकच गाणं, एक मिनिट, काय होणार आहे. ॲम्प्लिफायर जड आहे, दणकट आहे, एवढं सहन करेल. चिठ्ठी होती. मी पाहिली होती. मी ती काढूनच प्लग लावला.

धूर निघाला. साहेबांनी हेडफोन झटकून टाकले. त्यांच्या मिसेसनी विचारलं, "हे असं कसं झालं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "भाच्याने काहीतरी उपद्व्याप केलाय." एवढंच. एक वाक्य. साहेब हसले, म्हणाले, "आजकालची मुलं." विषय संपला. ताई, तू तिथे असतीस तर तुलाही कळलं असतं की ते किती सोपं होतं.

मग शेठकडे ॲम्प्लिफायर दाखवायला नेला. साहेब आणि शेठ दर महिन्याला एकाच गाण्याच्या बैठकीत भेटतात. तिथे वेगळं सांगू शकत होतो का? ॲम्प्लिफायरच्या आतला वेगळा ट्रान्सफॉर्मर काळा पडलाय हे शेठने पाहिलं, जास्त वीज गेल्याची शंका त्यांना आली असणारच. पण मी बोललो होतो ते बोललो होतो.

आता मी शेठला जाऊन म्हणू की मी, दीपक, बारा वर्षं या हेडफोनवर लोकांना व्याख्यानं देणारा माणूस, शंभर व्होल्टचं यंत्र दोनशे तीसमध्ये लावलं? हे त्या बैठकीत दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळेल. साहेबांनाही. मार्चमध्ये माझ्या बढतीचं ठरायचं आहे.

आणि अनुपमाला कळलं तर ती म्हणेल की तिच्या गौरीमुळे झालं. ती आधीच म्हणतेय की यंदा काहीतरी कमी पडलं. तिला हे कळू द्यायचं नाही, एवढी माझी विनंती आहे.

मी एक मार्ग काढला आहे. कल्याणला एक ओळखीचा आहे, मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, तिथे रितेशला लावतो. आणि झालेल्या प्रकाराबद्दल मी रितेशला मनापासून माफ केलं आहे, हे त्याला सांग. माझ्या मनात आता काही नाही. त्याने दिवाळीला यावं.

दीपक


पाचाड,
१२ ऑक्टोबर २०२५

दीपक,

शेवटच्या दोन ओळी मी रितेशला मोठ्याने वाचून दाखवल्या. "मामाने तुला माफ केलं." पोरगा कढईत भजी सोडत होता. झारा तसाच हातात. म्हणाला, "कशाबद्दल?" म्हणून तुलाच विचारते. कशाबद्दल रे?

शाळा मी चौथीत सोडली ती तू वर्षाचा होतास म्हणून. आय शेतावर जायची, तुला कडेवर कोण घेणार. ते मी आजवर कधी तोंडाने काढलं नाय. आता काढते, कारण तू मला शंभर आणि दोनशे तीस शिकवायला बसलास. शिकले. चांगली शिकले. सगळं कळलं मला आता.

तू शंभर व्होल्टचा माणूस हायस. साहेबाने नुसतं "आजकालची मुलं" म्हटलं तरी तुला जास्त होतं. म्हणून तुला मधे कोणीतरी लागतं, स्वतः तापायला, तुझ्यापर्यंत कमी येऊ द्यायला. यंदा मधला डबा गौरीखाली होता, तर तू माझा पोरगा मधे ठेवलास.

आणि वहिनीच्या पदराआड लपू नकोस. तिला कळू द्यायचं नाय म्हणतोस, रडेल म्हणून? रडू दे. तिला खरं सांगितलं तर एकदा रडेल. तू नाय सांगितलंस तर दर गौरीला तिला वाटत राहील की आपलंच काहीतरी कमी पडलं. बाईमाणसाच्या डोक्यात ते कसं बसतं तुला काय ठाऊक. तिच्या गौरीने काय नाय केलं. गौर तर बिचारी गप बसून होती. प्लग तू लावलास. चिठ्ठी तू काढलीस.

कल्याणचं दुकान तुझ्या ओळखीच्याला लखलाभ. माझ्या पोराला तीच जागा पायजे. मोठी हाय म्हणून नाय. जिथे त्याचं नाव घालवलंस तिथेच ते परत मिळतं, म्हणून. दुसरीकडे लावलास तर तिथेही कोणीतरी विचारील, ठाण्याहून का काढलं.

रितेशने मला एक गोष्ट करायला मना केली हाय. मी शेठला फोन करून तुझं पत्र वाचून दाखवणार होते. तुझ्याच अक्षरातलं, सगळं कबूल केलेलं. फोन हातात घेतला होता. त्याने काढून घेतला. म्हणाला, "नको गो आय. तू सांगितलंस तर मामा खोटा पडेल. त्याने सांगितलं तर खरा होईल." मी त्याला शिवी दिली. मग बाहेर जाऊन भांडी घासली. त्याचं मन हाय ते, माझं नाय. माझं मन असतं तर तुझं पत्र आतापर्यंत साहेबाच्या मिसेसच्याही हातात पडलं असतं. तेव्हा जे काय उरलंय ते या पोरामुळे उरलंय, हे लक्षात ठेव. आणि माझा धीर त्याच्याएवढा नाय, हेही लक्षात ठेव.

ऑफिसच्या पत्त्यावर पाठव म्हणालास, म्हणून पाठवलं. हे शेवटचं. पुढचं पत्र घरी येईल, आणि पाकिटावर वहिनीचं नाव असेल.

तो ट्रान्सफॉर्मर मी पुसलेला नाय. देव्हाऱ्याखाली ठेवलाय, कुंकवासकट. काल रितेशने एकदा त्याला हात लावून बघितला. मिक्सर मात्र अजून तसाच बंद हाय. मी पाट्यावर वाटते. महाडहून कोणालाही आणून दुरुस्त करता येईल, ते मला कळतं. नाय आणत. ज्याने हात लावायचा त्यानेच लावेपर्यंत मी वाटत बसेन.

भाऊबीजेला पाट मांडायचा तो मी मांडणार. तू आलास तर तुला ओवाळीन. नाय आलास तर त्या काळ्या डब्याला पाटावर बसवून ओवाळीन, आणि शेजारणी विचारतील तर सांगेन, हा माझा भाऊ. निदान हा वीज आपल्या अंगावर घेतो.

पण त्याआधी शेठ. पाडवा बावीस तारखेला, बुधवारी हाय, शेठ त्या दिवशी दुकानाची पूजा करून नवा माणूस ठरवणार. पाडव्याच्या आत तू स्वतः ठाण्याला जायचं, फोन नाय, स्वतः, आणि शेठच्या तोंडावर सांगायचं की मी लावला. तेवढंच वाक्य. "भाच्याने केलं" म्हणायला तुला जेवढा वेळ लागला तेवढाच लागेल.

गेलास की कळव. नाय जाणार असशील तरी कळव, म्हणजे मी दुसरं पाकीट आणायला पोस्टात जाईन. भाऊबीज गुरुवारी हाय. गुरुवार उजाडायच्या आत मला उत्तर पायजे.

शकू